परदेशी कामाला निघण्यापूर्वी: विदर्भातील गावाकडच्या प्रवाशांसाठी हिवतापापासून बचावाचे मार्गदर्शन

गडचिरोली, गोंदिया किंवा मेळघाटात वाढलेल्या माणसाला हिवतापाची ओळख करून द्यावी लागत नाही. धानाच्या बांध्यांत आणि बोड्यांत पाणी साचले की आशाताई बोटाला सुई टोचून रक्ताचा नमुना घेतात, आरोग्य विभाग औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटतो, आणि थंडी वाजून ताप आला तर काय करायचे हे घरातील म्हाताऱ्या माणसांनाही पाठ असते. परदेशी निघालेल्या माणसाला नेमकी हीच ओळख नडते. जिनिंगच्या मशिनी बसवायला टांझानियात जाणारा फिटर, सिमेंटच्या कारखान्यात कामासाठी नायजेरियाला निघालेला ऑपरेटर किंवा शांतिसेनेतून काँगोला जाणारा जवान ‘मलेरिया काय, तो आमच्याकडे दरवर्षीच असतो’ असे म्हणून गोळ्यांचा विषय बाजूला सारतो.

हा समज दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले कारण असे की, वारंवार हिवताप होऊन शरीरात जी थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते, ती अर्धवट असते आणि संसर्ग थांबला की ओसरत जाते. आफ्रिकेत जन्मलेली आणि नंतर युरोपात स्थायिक झालेली माणसे सुटीत गावी जाऊन येतात, तेव्हा त्यांनाही गंभीर हिवताप होतो. दुसरे कारण प्रमाणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगात हिवतापाचे सुमारे 26 कोटी 30 लाख रुग्ण झाले आणि 5 लाख 97 हजार लोक दगावले. त्यांपैकी 94 टक्के रुग्ण आणि 95 टक्के मृत्यू आफ्रिका विभागातील होते, तर जगातील एकूण रुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या नायजेरियात होता. शिवाय आफ्रिकेत बहुतांश रुग्णांना फाल्सिपेरम या जातीच्या परजीवीचा हिवताप होतो. तो मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि उपचारात एक-दोन दिवसांची हयगय झाली तरी जिवावर बेतू शकतो.

आधी ठिकाण नीट समजून घ्यावे

‘परदेश’ म्हटले की सगळीकडे धोका सारखा असतो असे नाही, आणि नको तिथे गोळ्या खाण्यातही शहाणपण नाही. संयुक्त अरब अमिरातीला 2007 मध्ये, मालदीवला 2015 मध्ये, श्रीलंकेला 2016 मध्ये, चीनला 2021 मध्ये आणि इजिप्तला 2024 मध्ये हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित करण्यात आले. सिंगापूर तर त्याच्या कितीतरी आधीपासून मुक्त आहे. त्यामुळे दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्याला हिवतापाच्या गोळ्यांची गरज नाही. मक्का-मदिनेला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही ती नाही. सौदी अरेबियात धोका राहिला आहे तो मुख्यतः नैऋत्येकडे, येमेनच्या सीमेलगतच्या भागात. थायलंडमध्येही बँकॉक आणि फुकेतसारख्या पर्यटनाच्या ठिकाणी काळजीचे कारण नाही, परंतु म्यानमारच्या सीमेवरील जंगलपट्ट्यात आहे.

आफ्रिकेच्या बाबतीत केवळ देशाचे नाव पुरत नाही. इथिओपियात उंचावर वसलेल्या अदिस अबाबा शहरात हिवताप नाही, तरी त्याच देशातील सखल भागात तो भरपूर आहे. नैरोबीत धोका कमी आहे, पण केनियाच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला तो मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग आणि केपटाउन ही शहरे सुरक्षित आहेत, मात्र लिंपोपो आणि म्पुमलंगा या प्रांतांच्या सीमेकडील भागात, म्हणजे क्रूगर अभयारण्याच्या आसपास, काळजी घ्यावी लागते. याउलट मोझांबिक, टांझानिया, युगांडा, घाना, नायजेरिया आणि काँगो या देशांत जवळपास सर्वत्र धोका आहे असे धरून चालावे. म्हणून कंत्राटदाराने किंवा एजंटने नुसते ‘आफ्रिकेत काम आहे’ असे सांगितले तर त्याच्याकडून शहराचे आणि साइटचे नाव, पावसाळ्याचे महिने, राहण्याची सोय कंपाउंडमधील पक्क्या खोलीत आहे की तंबूत, आणि जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, एवढ्या गोष्टी लिहून घ्याव्यात. डॉक्टरांना निर्णय घेण्यासाठी हीच माहिती लागते.

डॉक्टरांची भेट: निघण्यापूर्वी किमान महिनाभर

तिकीट हातात पडल्यावर डॉक्टरांकडे जाणे ही आपल्याकडील रीत असली, तरी या बाबतीत तिने नुकसान होते. काही गोळ्या प्रवासाच्या दोन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात आणि पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीलाही वेळ लागतो. ही लस हिवतापाची नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘आफ्रिकेची लस घेतली आहे’ असे सांगून गोळ्या टाळणारे पुष्कळ आहेत. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होते आणि पुढे आयुष्यभर चालते. हिवतापावर आरटीएस-एस आणि पुण्यात तयार होणारी आर-21 अशा दोन लसी आल्या आहेत हे खरे, परंतु त्या हिवतापग्रस्त भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत. प्रवाशाला त्यांचा आधार नाही.

नागपूरसारख्या ठिकाणच्या फिजिशियनकडे जाताना सध्या चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. फिट येण्याचा त्रास, मानसिक आजारावरील उपचार, हृदयाच्या ठोक्यांतील दोष, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करण्याची गोळी यांपैकी काहीही असेल तर ते न विचारता सांगावे. गर्भवती स्त्रीने असा प्रवास शक्यतो पुढे ढकलावा, कारण गरोदरपणात हिवताप आईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवावर उठतो. लहान मुलांच्या गोळ्यांचे प्रमाण वजनावर ठरते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे.

विदर्भापुरती एक बाब अधिक सांगावीशी वाटते. आपल्याकडे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि ‘सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही’ हे वाक्य गावागावांत ऐकू येते. त्यातील अर्धाच भाग खरा आहे. ज्याच्या शरीरात सिकलसेलचे एकच जनुक आहे, म्हणजे जो केवळ वाहक आहे, त्याला गंभीर फाल्सिपेरम हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, पण संसर्ग त्यालाही होतोच. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे ज्याचा अहवाल ‘एसएस’ आहे, त्याच्यासाठी मात्र हिवताप इतरांपेक्षा जास्त घातक ठरतो. त्यामुळे आपला अहवाल ‘एएस’ आहे की ‘एसएस’ हे तपासणीच्या कार्डावर पाहूनच पुढचा विचार करावा. वाहकानेही गोळ्या सोडू नयेत.

गोळ्यांची निवड आणि त्यांचा हिशेब

प्रतिबंधक गोळी म्हणून गावाकडे पहिले नाव निघते ते क्लोरोक्विनचे, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रातून ती घरोघरी पोहोचलेली आहे. भारतात ती व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या उपचारासाठी दिली जाते. आफ्रिकेतील फाल्सिपेरम तिला दाद देत नाही, त्यामुळे घरात उरलेली क्लोरोक्विनची पट्टी बॅगेत टाकून निघणे म्हणजे विनासंरक्षण निघणे होय.

प्रत्यक्षात तीन पर्यायांमधून निवड होते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मार्गदर्शन असे आहे की, मुक्काम सहा आठवड्यांपेक्षा कमी असेल तर प्रौढाने डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम रोज घ्यावी, आणि त्याहून जास्त असेल तर मेफ्लोक्विन 250 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा घ्यावी. तिसरा पर्याय ॲटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल या जोडगोळीचा. तिचा त्रास कमी असतो, मात्र ती महाग पडते आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी अपेक्षा धरू नये. हवी असल्यास मोठ्या शहरातील औषध विक्रेत्याकडे आधीच विचारणा करावी.

डॉक्सीसायक्लिन प्रवासाच्या दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज एकाच वेळी घ्यायची आणि हिवतापाचा भाग सोडल्यानंतर चार आठवडे चालू ठेवायची असते. समजा, एक फिटर 10 जुलैला निघून 20 ऑगस्टला परतणार आहे. त्याची पहिली गोळी 8 जुलैला आणि शेवटची 17 सप्टेंबरला येते, म्हणजे त्याला एकूण 72 गोळ्या लागतील, आणि काम लांबले तर कमी पडू नयेत म्हणून तो आणखी दहा-पंधरा घेऊन जाईल. ही गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. अन्ननलिकेत ती अडकली तर तिथे जखम होते. दूध, लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचे औषध तिच्यासोबत घेऊ नये. तिच्यामुळे कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून उघड्यावर काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी किंवा दुपट्टा वापरावा. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना ती देत नाहीत.

मेफ्लोक्विनची सोय अशी की, आठवड्याचा एक वार ठरवला की काम होते. साप्ताहिक बाजाराचा दिवस धरला तर विसर पडत नाही. मात्र ती किमान दोन आठवडे आधी सुरू करावी, कारण भयानक स्वप्ने, झोप उडणे, अस्वस्थता किंवा चक्कर असा त्रास ज्यांना व्हायचा असतो, त्यांच्यापैकी अनेकांना तो पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच जाणवतो आणि तेव्हा माणूस घरीच असल्यामुळे औषध बदलता येते. फिट येणाऱ्यांनी आणि मानसिक आजार असलेल्यांनी ती घेऊ नये. क्रेन, ड्रिलिंग रिग किंवा अवजड वाहन चालवणाऱ्याने डॉक्टरांना आपले काम सांगून मगच निर्णय घ्यावा. तीही परतल्यानंतर चार आठवडे चालू ठेवावी लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल मात्र एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सातच दिवस घ्यायची असते.

परतल्यावर गोळ्या कशासाठी, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि त्याचे उत्तर समजले नाही की गोळ्या सुटतात. डास चावल्यानंतर परजीवी थेट रक्तात वाढत नाही. तो आधी यकृतात जातो, तिथे निदान आठवडाभर वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन यांचे मुख्य काम रक्तात उतरलेल्या परजीवीवर चालते. त्यामुळे विमानात बसण्याच्या आदल्या रात्री चावलेल्या डासाचा हिशेब घरी आल्यावरच पूर्ण होतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातील अवस्थेवरही मारा करते, म्हणून तिला सात दिवस पुरतात. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

सर्व गोळ्या भारतातूनच न्याव्यात. आफ्रिकेतील आणि आग्नेय आशियातील काही बाजारांत हिवतापाची बनावट औषधे मिळतात ही जुनी आणि सिद्ध झालेली अडचण आहे. मूळ पट्ट्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल हे सारे हातातील बॅगेत ठेवावे, मोठ्या बॅगेत नव्हे. मोठी बॅग विमानतळावर मागे राहिली तर आपण पहिल्याच रात्री उघडे पडतो.

गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, लसूण किंवा ‘प्रतिबंधक’ म्हणून दिल्या जाणाऱ्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या यांच्या भरवशावर या प्रवासाला जाऊ नये. काढा प्यायचा असेल त्याने तो प्यावा, पण गोळीऐवजी नव्हे.

डास चावू न देण्याची तयारी

कोणतीही गोळी शंभर टक्के संरक्षण देत नाही, म्हणून डासाला रोखणे हे निम्मे काम आहे. हिवताप पसरवणारी ॲनोफेलिस डासाची मादी सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावते, त्यामुळे दिवस कलला की पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि मोजे घालावेत. हातापायांना लावण्याचे मलम किंवा फवारा घेताना वेष्टनावर डीईईटी या डास दूर ठेवणाऱ्या रसायनाचे प्रमाण पाहावे. 20 ते 50 टक्के असलेला पर्याय निवडावा आणि दर काही तासांनी, विशेषतः घाम आल्यावर, पुन्हा लावावा. उन्हापासून बचावाचे मलम लावायचे असेल तर ते आधी आणि डासांचे नंतर. मच्छरकॉइल आणि विजेवरची लिक्विडची कुपी यांचा थोडा उपयोग होतो, परंतु साइटवर वीज जाते तेव्हा कुपी निकामी होते. कडुलिंबाच्या धुराने डासांचा त्रास कमी वाटला तरी त्याला संरक्षण समजू नये. पंखा मात्र कमी लेखू नये, कारण डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही.

आफ्रिकेला जाणारी अनेक विमाने रात्री उतरतात. उतरल्यावर गाडीची वाट पाहत उघड्यावर थांबावे लागते, आणि तेव्हा मलम मोठ्या बॅगेच्या तळाशी असते. ते उतरण्यापूर्वीच लावावे.

मच्छरदाणी मात्र आपली आपण न्यावी, आणि ती दीर्घकाळ टिकणारे कीटकनाशक लावलेलीच असावी. आरोग्य विभागाने घरी दिलेली दाणी उचलून नेऊ नये. मागे राहिलेल्या माणसांनाही झोपायचे आहे. नवीन दाणी घेतल्यावर एक दिवस सावलीत मोकळी टांगावी, म्हणजे हाताळताना चेहऱ्याची किंवा डोळ्यांची आग होत नाही. कॅम्पच्या खोलीत चारही कोपऱ्यांना खिळे असतीलच असे नाही, म्हणून नायलॉनची दोरी, चार हुक आणि सुई-दोरा सोबत असावा. दाणी चौकोनी आणि इतकी मोठी हवी की झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकणार नाही. टेकलेल्या जागी डास जाळीतून चावतो. संध्याकाळ होण्यापूर्वीच तीन बाजू गादीखाली घट्ट खोचाव्यात, झोपायच्या वेळी चौथ्या बाजूने आत शिरून तीही आतून खोचावी आणि मोबाइलच्या टॉर्चने छत व कोपरे पाहून घ्यावेत. आत एक डास राहिला तर त्याला रात्रभर जेवायला बसवल्यासारखे होते. भोक दिसले तर त्याच दिवशी शिवावे. धुताना साधा साबण आणि गार पाणी वापरावे, ब्लीच किंवा कडक पावडर नको, आणि दाणी उन्हात न वाळवता सावलीत वाळवावी. उन्हाने तिच्यावरील औषध लवकर संपते. परमेथ्रिन हे कीटकनाशक मिळाले तर ते कामाच्या कपड्यांना आणि बुटांना लावता येते, पण कातडीला लावायचे नसते.

तिथे ताप आला तर

तीव्र ताप, थंडी, डोके आणि अंग दुखणे, उलट्या, कधी जुलाब अशी सुरुवात होते. एक दिवसाआड ठरलेल्या वेळी थंडी वाजते असे आपण लहानपणापासून ऐकले आहे, परंतु फाल्सिपेरममध्ये तो क्रम सुरुवातीला बहुधा दिसत नाही, त्यामुळे ‘पाळी’ची वाट पाहत बसू नये. धोक्याच्या भागात पोहोचून सात दिवस झाल्यानंतर आलेला कोणताही ताप तपासणी होईपर्यंत हिवतापच समजावा आणि 24 तासांच्या आत रक्त तपासावे, मग गोळ्या नियमित चालू असल्या तरी. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे. साइटपासून दवाखाना एक दिवसाहून दूर असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स सोबत ठेवावा. तो स्निग्ध अन्नाबरोबर घ्यावा लागतो, म्हणजे औषध अंगी लागते. हा कोर्स दवाखान्यापर्यंत पोहोचेपर्यंतचा आधार आहे, दवाखान्याला पर्याय नव्हे.

गावी परतल्यावर

सर्वांत जास्त घोळ होतो तो येथे. माणूस घरी येतो, दोन आठवड्यांनी ताप येतो, गावातील किंवा तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागते, विडाल तपासणीत ‘टायफॉइड’ निघतो आणि चार-पाच दिवस त्या औषधांत जातात. फाल्सिपेरममध्ये तेवढे दिवस हाताशी नसतात. म्हणून परतल्यानंतर पहिले तीन महिने विशेष आणि पुढे वर्षभर, कोणत्याही तापात डॉक्टरांना पहिलेच वाक्य हे सांगावे: ‘मी अमुक देशात अमुक तारखेपर्यंत होतो, माझी मलेरियाची तपासणी करा.’ डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नये. घरच्यांनाही हे वाक्य सांगून ठेवावे, कारण ताप मेंदूत शिरला तर रुग्ण स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत नसतो.

रॅपिड किटची तपासणी एकदा निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये. रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक आहे आणि ताप टिकून असेल तर 12 ते 24 तासांच्या अंतराने ती तीनदा तपासावी. इथिओपिया आणि इरिट्रियाकडील काही परजीवींमध्ये किट ओळखत असलेले प्रथिनच नसते, त्यामुळे तिकडून आलेल्याच्या बाबतीत किटवर विसंबणे अधिक धोक्याचे. उपचार ठरवतानाही देशाचे नाव महत्त्वाचे ठरते: भारतात बऱ्याच ठिकाणी फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन दिले जाते, आणि या जोडीतील दुसऱ्या औषधाला आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर प्रतिकार निर्माण झालेला आहे. बरळणे, गुंगी, झटके, धाप, कावीळ, लघवी कमी किंवा काळपट होणे, सतत उलटी यांपैकी काहीही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळ न घालवता 108 ची गाडी बोलवावी आणि नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला किंवा गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. तिथे आर्टेसुनेटचे इंजेक्शन शिरेतून सुरू होऊ शकते.

निदान झाल्यास ते गावच्या आशाताईंना किंवा हिवताप कार्यकर्त्याला कळवण्यात संकोच करू नये. हिवताप पसरवणारे डास आपल्या शिवारातही आहेत, आणि रुग्णाच्या रक्तातील परजीवी त्यांच्यामार्फत शेजाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. तो धोका कमी करण्यासाठीच फाल्सिपेरमच्या रुग्णाला प्रायमाक्विनचा एक डोस दिला जातो. व्हायवॅक्समध्ये परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो, म्हणून त्यावर प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावी लागते. ती सुरू करण्यापूर्वी जी-6-पीडी या रक्तातील विकराची (एन्झाइमची) तपासणी करून घ्यावी. विदर्भातील काही समाजांत त्याची कमतरता आढळते, आणि अशा माणसात प्रायमाक्विनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. गोळ्या चालू असताना लघवी चहासारखी गडद दिसली तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तसे काही नसेल तर ताप उतरल्यावरही चौदाही दिवस पूर्ण करावेत.